मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ही म्हण आपल्याकडे बहुतेक पैशाच्या संदर्भात वापरतात. पै-पै वाचवायची आणि रुपये उधळायचे, अशा माणसाला ती लावतात. माझं काम ऑफिसांची नेटवर्कं सांभाळण्याचं. त्यामुळे मला ही म्हण जवळजवळ रोज आठवते, आणि तीही अगदी शब्दशः.

म्हणजे कसं, कुठल्याही बऱ्यापैकी ऑफिसात जा. गेटवर वॉचमन असतो. त्याच्या वहीत तुम्ही नाव, गाव, फोन नंबर, कोणाला भेटायचं आणि आत आल्याची वेळ लिहिता. लॅपटॉप बरोबर असेल तर त्याचा नंबरही. आत सर्व्हर रूममध्ये चांगला महागाचा फायरवॉल बसवलेला असतो, त्याच्या लायसन्सचे पैसे दरवर्षी वेगळे. मग तुम्हाला मीटिंग रूममध्ये बसवतात. 'साहेब येतीलच पाच मिनिटांत' असं सांगून चहा ठेवतात आणि निघून जातात. तुमच्या खुर्चीच्या मागे भिंतीत, जमिनीपासून फूटभर वर, नेटवर्कचं एक सॉकेट असतं. त्यात केबल खुपसली की झालं, तुम्ही आत. वही नाही, वॉचमन नाही आणि फायरवॉलही नाही. कारण तो बिचारा इंटरनेटच्या दिशेला तोंड करून उभा असतो, आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे बसून चहा पीत असता.

त्या सॉकेटची तार जिथे जाते त्या डब्याला स्विच म्हणतात. आजचा विषय तो डबा. दिसायला अगदीच सामान्य, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकं आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. पण आपल्या ऑफिसात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे खरं तर त्याने ठरवायचं असतं. आणि बहुतेक ठिकाणी त्याला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

(स्विच कसा चालतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद गाळले तरी चालतील.)

स्विच म्हणजे नव्या वस्तीत रुजू झालेला पोस्टमन. पहिल्या दिवशी त्याला कोणाचंच घर माहीत नसतं. पण तो हुशार असतो. कुठल्या दारातून कोणाच्या नावाचं पत्र बाहेर पडलं, हे तो टिपून ठेवतो. 'कुलकर्ण्यांचं पत्र सात नंबरच्या दारातून आलं, म्हणजे कुलकर्णी सात नंबरमध्ये राहतात.' पुढे कुलकर्ण्यांसाठी काही आलं की तो ते फक्त सात नंबरला देतो. ज्याचं घर माहीत नाही त्याचं पत्र आलं तर मात्र तो सगळ्या दारांवर जाऊन ओरडतो आणि ज्याचं असेल तो उत्तर देईल याची वाट बघतो. स्विचच्या आधी हब नावाचा प्रकार होता. तो प्रत्येक पत्र सगळ्यांनाच वाचून दाखवायचा! त्या मानाने स्विच फारच सभ्य.

पोस्टमन ज्या नावावरून ओळखतो ते नाव म्हणजे मॅक ॲड्रेस. ४८ बिटांचा, म्हणजे लिहायला बारा अक्षरी. त्यातली पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीला आयईईई ही संस्था नेमून देते, पुढची सहा कंपनी आपली आपण घालते. कारखान्यातून निघतानाच तो नेटवर्क कार्डावर कोरलेला असतो, त्यामुळे लोकांना वाटतं की तो माणसाच्या बोटांच्या ठशासारखा आहे. तसं मुळीच नाही. बाहेर पाठवताना कुठला ॲड्रेस सांगायचा हे संगणक ठरवतो, आणि तो बदलायला मिनिटभर पुरतं. थोडक्यात, मॅक ॲड्रेस ही ओळख नव्हे, ते नुसतं सांगितलेलं नाव आहे. दारात येऊन एखाद्याने 'मी गणपत' म्हटलं की स्विच वहीत गणपत लिहून मोकळा होतो.

या भोळेपणाचा फायदा घ्यायला फार अक्कल लागत नाही. २००० सालच्या सुमारास 'डीस्निफ' नावाच्या एका संचातून 'मॅकऑफ' नावाचा एक चिमुकला प्रोग्राम सगळीकडे पोचला. तो इतकंच करतो की एका तारेतून हजारो खोटी नावं भराभर सांगत सुटतो. पोस्टमनची वही काही हजार नावांची. ती भरली की पुढच्या खऱ्या माणसांची नावं लिहायला जागाच उरत नाही, आणि तो परत सगळ्या दारांवर ओरडायला लागतो. सभ्य स्विचचा हब होतो. शेजारच्याचं पत्र तुम्हालाही ऐकू येतं. यात कुठेही कुलूप फोडलेलं नाही, हे लक्षात घ्या. फोडायला कुलूप होतंच कुठे?

यात मूळ रचनाकारांना दोष देण्यात अर्थ नाही. इथरनेट १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत जन्माला आलं. एका इमारतीतली, एकमेकांना ओळखणारी माणसं ते वापरत होती. १९८२ साली एआरपी नावाची पद्धत ठरली. तिच्यात 'हा पत्ता कोणाचा?' असं विचारतात आणि जो 'माझा' म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवतात. वाड्यात राहणारे दुपारी दाराला कडी लावत नसत, तसंच हे. पुढे वाड्याची सात मजली सोसायटी झाली, भाडेकरू आले, डिलिव्हरीवाले आले, आणि कडी मात्र अजून लावलेली नाही.

आता यावर उपाय आहेत का? आहेत, आणि जुने आहेत. सगळ्यात साधा उपाय म्हणजे पोर्ट सिक्युरिटी. स्विचच्या प्रत्येक भोकाला, म्हणजे पोर्टला, सांगून ठेवायचं की तुझ्यातून जास्तीत जास्त इतकीच नावं यायला हवीत, आणि हवं तर नेमकी हीच. चुकीचं नाव आलं तर काय करायचं याचे तीन पर्याय असतात. पहिला, गुपचूप त्याची पत्रं टाकून द्यायची. दुसरा, टाकून द्यायची आणि नोंदही करायची. तिसरा, पोर्टच बंद करून टाकायचा. सिस्कोच्या स्विचमध्ये ही सोय नुसती चालू केली आणि बाकी काही सांगितलं नाही, तर एका पोर्टला एकच नाव आणि चूक झाल्यास पोर्ट बंद, असं आपोआप ठरतं. म्हणजे सगळ्यात कडक शिक्षा ही न मागता मिळते.

आणि इथेच माझं माझ्या व्यवसायबंधूंशी जमत नाही.

एका ऑफिसातली गोष्ट सांगतो. तिथे सगळ्या शाखांमध्ये हा कडक नियम एका दिवसात लागू केला गेला. एका शाखेत काउंटरवरच्या बाईंच्या टेबलावर पावसाचं पाणी गळायला लागलं, म्हणून शिपायाने त्यांचा संगणक शेजारच्या टेबलावर हलवला. नव्या पोर्टला हे नाव परकं, त्यामुळे तो बंद. सकाळचे अकरा, समोर वीस माणसांची रांग. बाईंनी फोन केला, 'दादा, आमचं नेट गेलं हो.' दादा दुसऱ्या तालुक्यात. त्यांनी सांगितलं की मुख्य कार्यालयात ईमेल पाठवा, तिकीट उघडेल. नेट नसताना ईमेल कशी पाठवायची, हे विचारायचा शहाणपणा बाईंनी दाखवला, पण उत्तर मिळालं नाही. पोर्ट सुरू व्हायला दुपारचे साडेतीन वाजले.

असं तीनदा झाल्यावर त्या शाखेने स्वतःच उपाय शोधला. बाजारातून घरगुती वापराचा एक स्वस्त वायफाय राउटर आणला. त्याच्या सेटिंगमध्ये 'क्लोन मॅक ॲड्रेस' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की राउटर आतल्या संगणकाचं नाव स्वतःचं म्हणून सांगतो. स्विचला एकच नाव दिसतं, तेही ओळखीचं. तो खूष. आणि त्या राउटरच्या मागे शाखेतले सगळे संगणक, सगळ्यांचे मोबाइल आणि, पासवर्ड सोपा असल्यामुळे, खालच्या झेरॉक्सच्या दुकानातला पोरगासुद्धा! कागदावर मात्र शाखा शंभर टक्के सुरक्षित होती. नियम लावायच्या आधी जेवढं भोक होतं त्याच्या दसपट मोठं भोक नियमाने पाडलं.

यावर बहुतेक नेटवर्कवाले म्हणतात, 'लोकांना शिस्त नाही.' मला हे पटत नाही. वीस माणसांची रांग समोर असताना त्या बाईंनी जे केलं ते त्यांच्या कामाच्या शिस्तीला धरूनच होतं. त्यांचं काम लोकांची कामं करणं हे आहे, आमचा स्विच जपणं हे नाही. ज्या कुलपाची किल्ली साडेचार तासांनी मिळते ते कुलूप लोक तोडणारच, आणि ते तोडतील ते आतून. म्हणून माझं पहिलं मत असं की पोर्ट बंद करण्याची शिक्षा जिथे तो पाच मिनिटांत उघडून द्यायला माणूस आहे तिथेच लावावी. बाकी ठिकाणी परक्याची पत्रं टाकून द्या, नोंद करा आणि ती नोंद रोज वाचा. आपल्या संगणकाला पोर्ट बदलावा लागला तर बाईंनी फोन करायचा, ईमेल नाही, आणि फोनवरच काम व्हायला हवं. टेबलावर इंटरनेटचा फोन असेल आणि संगणक त्याच्या पाठीमागून जोडलेला असेल तर एका पोर्टला किमान दोन नावं लागणार, हे आधीच धरून चाला. यात काही मोठं तंत्रज्ञान नाही. फक्त कुलूप लावायच्या आधी किल्लीची सोय करायची.

'नोंद वाचा' हे मी मुद्दाम म्हटलं. आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ते जपले जातात. अगदी लोणच्याच्या बरणीसारखे फडकं बांधून माळ्यावर जपले जातात. पण उघडून कोण बघतं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लहान ऑफिसांचं रडगाणं आहे, मोठ्या ठिकाणी असं नसतं. तर मोठ्या ठिकाणाची गोष्ट ऐका. नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे मंगळावर गाड्या पाठवणारी संस्था. एप्रिल २०१८ मध्ये तिथे एक चोरी उघडकीला आली आणि तिचा तपशील नासाच्या महानिरीक्षकांच्या जून २०१९ च्या अहवालात आहे. चोरटे तिथे सुमारे दहा महिने कोणाच्या लक्षात न येता वावरले आणि २३ फायलींमधून सुमारे ५०० मेगाबाइट माहिती घेऊन गेले. मंगळ मोहिमेच्या माहितीचाही त्यात समावेश होता. त्यांनी लक्ष्य केलं होतं एका रास्पबेरी पायला. रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा, काही हजार रुपयांत मिळणारा संगणक. तो तिथल्या नेटवर्कला कोणीतरी परवानगीशिवाय जोडलेला होता, आणि तो तिथे आहे हे यंत्रणेला माहीतच नव्हतं.

त्या अहवालातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट मात्र चोरीची नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक उपकरणाची नोंद एका यादीत करायची पद्धत होती. तिथल्या एका व्यवस्थापकाने तपास करणाऱ्यांना सांगितलं की ती यादी अद्ययावत करायची सोय कधी कधी चालत नाही, मग नोंद राहून जाते आणि नंतर विसरायला होतं. वाचून मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. मंगळावर कोट्यवधी किलोमीटर जाऊन अचूक उतरणाऱ्या संस्थेतही, वही भरायला त्रास पडला की माणूस वही भरत नाही. आमच्या काउंटरवरच्या बाई आणि तो व्यवस्थापक, दोघांत मला काही फरक दिसत नाही.

म्हणून दुसरं मत. स्विच सुरक्षित करण्याची सुरुवात स्विचवर होत नाही, ती यादीवर होते. आपल्या तारांना काय काय जोडलेलं आहे हे माहीत नसेल तर परकं कोण हे तरी कसं ठरवणार? घरात माणसं किती हे ठाऊक नसताना पानं मांडायला घेण्यातला प्रकार.

बरं, नाव खोटं सांगता येतं म्हणून नावावर विसंबायचं नाही, हे तर ठरलं. मग खरी ओळख कशी पटवायची? यासाठी ८०२.१ एक्स नावाचं प्रमाण आहे, २००१ सालापासून. त्यात तार जोडली तरी पोर्ट जवळजवळ बंदच असतो. ओळख पटवण्यापुरतं बोलणं सोडून दुसरं काही आत जाऊ देत नाही. संगणक आपला दाखला किंवा पासवर्ड देतो, स्विच तो स्वतः तपासत नाही, मागे बसलेल्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि तिथून होकार आला की दार उघडतो. म्हणजे वॉचमन स्वतः निर्णय घेत नाही, आत फोन लावून विचारतो. शिवाय सर्व्हर असंही सांगू शकतो की हा पाहुणा आहे, याला बाहेरच्या खोलीतच बसवा, आतल्या घरात नको. माझ्या मते ही एवढी एकच पद्धत 'दार' या नावाला शोभते. वीस वर्षांहून जुनी आहे, चांगल्या स्विचमध्ये फुकट मिळते, आणि तरी बहुतेक ठिकाणी बंद असते. कारण ती चालवायची तर दाखले, सर्व्हर आणि यादी हे तिन्ही सांभाळावं लागतं, आणि आपली गाडी तिसऱ्यावर अडते.

जिथे ही पद्धत चालू असते तिथेही एक खिडकी उघडी राहते. तिचं नाव प्रिंटर. जुन्या प्रिंटरला दाखला देता येत नाही, तसंच जुन्या कॅमेऱ्याला आणि हजेरीच्या यंत्रालाही. मग अशा मुक्या उपकरणांसाठी सवलत ठेवतात. त्यांचा मॅक ॲड्रेस यादीत असेल तर त्यांना तसंच आत घ्यायचं. आणि प्रिंटरचा मॅक ॲड्रेस कुठे असतो? बहुतेक वेळा त्याच्याच पाठीवर चिकटवलेल्या लेबलावर! किल्ली चौकटीवर ठेवून गावाला जाण्यापेक्षा हे वेगळं नाही. सवलत द्यायला माझी हरकत नाही, ती द्यावीच लागते. पण मग त्या मुक्याला वेगळ्या खोलीत ठेवा. प्रिंटरने छपाईच्या सर्व्हरशी बोलावं, हिशोबाच्या सर्व्हरशी त्याचं काय काम?

कॅमेऱ्यांचं तर काय सांगावं. कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, सुरक्षेसाठी कॅमेरा लावतात. त्याची तार आत थेट ऑफिसच्या स्विचमध्ये जाते. म्हणजे तुमच्या नेटवर्कचं एक सॉकेट रस्त्यावर टांगलेलं असतं. कॅमेरा काढून तिथे लॅपटॉप लावणाऱ्याला गेटवरच्या वहीत नाव लिहायची गरज नाही. राखण करायला ठेवलेलं कुंपणच शेतात शिरायची वाट दाखवतं.

इथवर दारं लावायची गोष्ट झाली. आता जरा अवघड भाग. दार नीट न लावता आत आलेल्या माणसाचं काय करायचं?

ॲरन स्वार्ट्झ हे नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आरएसएसच्या घडणीत कोवळ्या वयात हात असलेला, क्रिएटिव्ह कॉमन्स आणि रेडिटशी जोडलेला हुशार मुलगा. २०१० च्या सप्टेंबरात त्याने एमआयटीच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडून जेस्टोर या संग्रहातले शोधनिबंध भराभर उतरवून घ्यायला सुरुवात केली. एमआयटीचं नेटवर्क तेव्हा पाहुण्यांनाही वर्षाकाठी १४ दिवस खुलं असे. जेस्टोरने त्याचा आयपी ॲड्रेस अडवला, त्याने दुसरा घेतला. एमआयटीने त्याचा मॅक ॲड्रेस अडवला, त्याने तो बदलला. शेवटी त्याने एका इमारतीच्या तळघरातल्या तारांच्या खोलीत लॅपटॉप ठेवला आणि केबल थेट स्विचमध्ये लावली. एकूण ४० लाखांहून जास्त लेख उतरवले गेले. ६ जानेवारी २०११ ला त्याला अटक झाली. जुलैमध्ये सरकारी वकिलांनी आरोपपत्र जाहीर करताना ३५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो असं सांगितलं. सप्टेंबर २०१२ मध्ये आरोप वाढून तेरा झाले. ११ जानेवारी २०१३ ला, खटला उभा राहण्याआधीच, त्याने आपलं आयुष्य संपवलं. तो २६ वर्षांचा होता.

त्याने नियम मोडला नाही, असं मी म्हणत नाही. लॅपटॉप झाकून ठेवणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत असतं. पण नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाने त्या प्रकरणात स्वतःचं तोंड बघायला हवं. त्या स्विचने त्याला 'तू कोण?' असं विचारलंच नाही. अडवायला वापरलं ते सांगितलेलं नाव, आणि त्याने दुसरं नाव सांगितलं, तर त्या नाव बदलण्याचा उल्लेख आरोपपत्रात आला. आज काय परिस्थिती आहे? २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून आपले फोन प्रत्येक वायफायला आपणहून वेगळा मॅक ॲड्रेस सांगतात, कोणी आपला माग काढू नये म्हणून. त्या वेळी लबाडीचं लक्षण म्हणून मांडलेली गोष्ट दहा वर्षांच्या आत तुमच्या-माझ्या खिशातली सोय झाली.

आपल्याकडे रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आहे. कोजागिरीला दूध घालायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. दरवाजे बंद झाल्यावर उतरू नये हा नियम तिने मोडलाच. पण गोष्टीतला राजा काय करतो? तिला साडीचोळी देतो आणि तिने दाखवलेल्या जागी बुरूज बांधतो. दोन्ही करतो, हे महत्त्वाचं. नुसतं कौतुक करून कडा तसाच मोकळा ठेवत नाही, आणि बुरूज बांधायचा म्हणून तिला अंधारकोठडीतही टाकत नाही. हिरकणी आणि स्वार्ट्झ सारखे नाहीत, हे मलाही कळतं. एकीला घरी जायचं होतं, दुसऱ्याला संग्रह हवा होता. पण वाट दाखवणाऱ्याने किती नुकसान केलं हे मोजताना आपण किती सहज फसलो याची लाज त्यात मिसळू नये, एवढं तरी त्या गोष्टीतून घ्यायला हरकत नाही. ऑफिसात एखादा पोरगा येऊन 'सर, मीटिंग रूमच्या सॉकेटमधून हिशोबाचा सर्व्हर दिसतो' असं सांगतो तेव्हा त्याला 'तू तिथे केबल लावलीसच का?' असं विचारणारे साहेब मी पाहिले आहेत. पुढचं भोक तो पोरगा दाखवेल का?

आता हरकतींकडे वळतो. पहिली हरकत नेहमीची असते. 'आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?' हे म्हणणारा दवाखाना असतो, सीएचं ऑफिस असतं, पतपेढी असते, शाळा असते. तुमचं स्वतःचं नसेलही काही. पण तुमच्या संगणकात रुग्णांचे रिपोर्ट आहेत, लोकांची आधार आणि पॅन कार्डं आहेत, कोणाच्या मुलीचा पत्ता आणि फोन नंबर आहे. त्यांनी तो तुम्हाला विश्वासाने दिला, मीटिंग रूममधल्या सॉकेटला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात योग्य ती काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने दार लावणं मला कमीपणाचं वाटतं. दुसऱ्याची ठेव आहे, एवढं कारण पुरेसं असावं.

दुसरी हरकत खर्चाची. लहान ऑफिसला सर्व्हर आणि दाखले परवडत नाहीत, हे खरं आहे. पण खालच्या चार गोष्टींना, सेटिंग करता येणारा स्विच असेल तर, एका दुपारखेरीज काही लागत नाही. वापरात नसलेले पोर्ट बंद करून ठेवा. पाहुणे, कॅमेरे आणि प्रिंटर यांना वेगवेगळ्या खोल्या द्या, म्हणजे आमच्या भाषेत वेगळे व्हीलॅन. प्रत्येक पोर्टला नावांची मर्यादा घाला, म्हणजे निदान वही भरून टाकायचा खेळ चालणार नाही. आणि डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे कोणी घरचा राउटर उलटा जोडून सगळ्या ऑफिसला चुकीचे पत्ते वाटत सुटणार नाही. या चारांनी चोर थांबेल असं नाही, पण त्याला निदान घाम तरी फुटेल.

तिसरी हरकत मला सगळ्यात जास्त पटते, आणि ती फार थोडे लोक घेतात. प्रत्येक पोर्टला ओळख लागली की कोण कुठे कधी बसलं होतं याची बिनचूक नोंद तयार होते. मग एखाद्या दिवशी वरून फोन येतो, 'अमुक माणूस गेल्या महिन्यात रोज किती वाजता जागेवर आला, तेवढं काढून द्या ना.' अशा वेळी माझं उत्तर ठरलेलं आहे. चोर पकडायला ठेवलेली वही हजेरीला वापरायची नाही. एकदा लोकांना कळलं की दारावरचा वॉचमन मालकाला चहाड्या सांगतो, की ते वॉचमनला टाळायच्या वाटा शोधतात, आणि त्या वाटांनी मग चोरही येतो. सुरक्षेचं काम विश्वासावर चालतं, हे वाक्य भाबडं वाटेल, पण माझ्या अनुभवात तरी यापेक्षा रोकडं वाक्य नाही.

तर सगळ्याचा गोषवारा इतकाच, की स्विचवर कुलूप हवंच. पण ते खऱ्या ओळखीवर उघडणारं हवं, नुसत्या सांगितलेल्या नावावर नको. त्याची किल्ली हाकेच्या अंतरावर हवी. आत कोण कोण आहे याची यादी भरायला सोपी हवी, आणि ती यादी भरणाऱ्या माणसाला दिवसातला अर्धा तास त्यासाठी मोजून द्यायला हवा. हा शेवटचा अर्धा तास कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो. फायरवॉल असतो, लायसन्स असतं, तीन वर्षांची वॉरंटी असते. बोळ्यावर खर्च करायला सगळे तयार असतात, कारण बोळ्याचं बिल येतं. दार लावायला फक्त कोणीतरी उठावं लागतं.

असो. उद्या ऑफिसात गेलात की मीटिंग रूमच्या खुर्चीमागे एकदा वाकून बघा. सॉकेट दिसलं तर तुमच्या नेटवर्कवाल्याला विचारा, 'हे कुठे जातं हो?' त्याने लगेच सांगितलं, तर त्याला चहा पाजा. 'बघून सांगतो' म्हणाला, तरीही पाजा, आणि बघून झाल्यावर काय ते नक्की विचारा.